मंत्रचळ, ओसीडी आणि समाजमाध्यमे : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना

एखाद्या मानसिक विकाराचे नाव लोकव्यवहारात कोणत्या अर्थाने रूढ होते, यावर त्या विकाराच्या रुग्णाला वेळीच मदत मिळणे पुष्कळ अंशी अवलंबून असते. ‘ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर’ अर्थात ‘ओसीडी’ ही संज्ञा समाजमाध्यमांच्या प्रसाराबरोबर मराठी बोलण्यात रुळली. याच विकारासाठी मराठीत ‘मंत्रचळ’ हा जुना शब्द आहे. या दोन शब्दांच्या अर्थच्छटांची तुलना करून समाजमाध्यमांवरील व्यवहार मंत्रचळग्रस्त व्यक्तीला कितपत उपकारक ठरतो, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. नाशिक हे तीर्थक्षेत्र आहे, तसेच यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (१९९८) यांचे स्थानही आहे. त्यामुळे धर्मविधी आणि विद्याभ्यास या दोन्हींचा संदर्भ येथे स्वाभाविकपणे येतो.

विकाराचे स्वरूप

या विकाराची दोन अंगे आहेत. नको असलेला विचार मनात पुनःपुन्हा घुसणे हे पहिले, आणि त्यातून उपजणारी अस्वस्थता शमविण्यासाठी एखादी कृती करावीच लागणे हे दुसरे. धुणे, तपासणे, मोजणे, मनातल्या मनात ठरावीक शब्द उच्चारणे ही अशा कृतींची उदाहरणे होत. पूर्वी चिंताविकारांत गणला जाणारा हा विकार अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणात स्वतंत्र प्रकरणात गेला. भारतात निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार शंभरात जवळपास एका प्रौढ व्यक्तीस तो आढळला. त्या सर्वेक्षणातील बारा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता.

रॅकमन आणि डी सिल्वा यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले की, असे विचित्र व नकोसे विचार निरोगी माणसांच्या मनातही येतात. फरक विचाराच्या आशयात फारसा नसतो. तो विचाराला दिलेल्या अर्थात असतो. निरोगी माणूस तो विचार सोडून देतो. मंत्रचळग्रस्त व्यक्ती त्याची जबाबदारी स्वतःवर घेते आणि खात्री मागत राहते.

दोन शब्द, दोन प्रतिमा

समाजमाध्यमांवर ‘ओसीडी’ हा शब्द बहुधा नीटनेटकेपणाचे विशेषण म्हणून येतो. रंगानुसार लावलेली पुस्तके, एका रेषेत मांडलेले डबे यांच्या छायाचित्राखाली ‘माझा ओसीडी’ असे कौतुकाने लिहिले जाते. या वापरात दुःखाला जागा नाही. शिवाय ज्याचे छायाचित्र निघते तेवढाच विकार दिसतो. आपल्या हातून तान्ह्या बाळाला इजा होईल ही भीती, देवासमोर उभे असताना मनात उमटणारा अभद्र शब्द, गॅस बंद केला की नाही म्हणून अर्ध्या वाटेवरून परतणे, यांचे छायाचित्र निघत नाही. परिणामी ज्याचे कपाट अस्ताव्यस्त आहे, त्या रुग्णाला आपला त्रास या नावाखाली येतो हे उमगतच नाही.

‘मंत्रचळ’ हा शब्द निर्दोष नाही. त्यात हेटाळणीचा सूर आहे आणि मंत्रोपासनेत चूक झाल्याने बुद्धी चळते, अशी जुनी समजूत त्यामागे आहे. कारणमीमांसा म्हणून ती टाकाऊच आहे. परंतु वर्णन म्हणून हा शब्द विकाराच्या गाभ्याजवळ पोहोचतो. चूक झाली असेल ही शंका, चुकीचे भयंकर फळ मिळेल ही धास्ती आणि म्हणून पुन्हा पहिल्यापासून आरंभ, ही साखळी त्यात सूचित होते.

समाप्तीचा प्रश्न

येथे एक आक्षेप संभवतो. रामकुंडावरील स्नान, त्र्यंबकेश्वरचे विधी, पारायणाचे सप्ताह यांतही पुनरावृत्ती, मोजदाद आणि शुचितेचा आग्रह आहे. मग विधी आणि विकार यांत भेद कोणता? भेद समाप्तीचा आहे. विधीला संकल्प असतो तसे विसर्जन असते, व्रताला उद्यापन असते, जपमाळेला मेरुमणी असतो. एवढेच नव्हे, तर पूजेच्या अखेरीस मंत्रातील व क्रियेतील उणिवांबद्दल क्षमा मागण्याची सोय परंपरेनेच केली आहे. माणसाच्या हातून चूक होणारच, हे तेथे गृहीत आहे. मंत्रचळात क्षमापना नाही आणि म्हणून समाप्तीही नाही.

समाजमाध्यमांची रचना नेमकी या ठिकाणी घातक ठरते. ‘इन्फिनिट स्क्रोल’ या रचनेत पानाला तळच उरत नाही. व्हॉट्सॲपवर २०१४ मध्ये निळ्या खुणा आल्या, २०१७ मध्ये संदेश सर्वांसाठी पुसण्याची आणि २०२३ मध्ये तो दुरुस्त करण्याची सोय झाली. इतरांना या सुविधा वाटतात. तपासण्याची अनिवार्यता असलेल्या व्यक्तीला त्या तपासणीची नवी कारणे पुरवितात. पूर्वी पोस्टकार्डावर येणारा ‘अकरा जणांना पाठवा, अन्यथा अनिष्ट घडेल’ हा मजकूर आता हातातील पडद्यावर येतो. बहुतेक जण तो पुसून टाकतात. मंत्रचळग्रस्त विद्यार्थ्याला मात्र तो रात्रभर झोपू देत नाही.

दिलाशाची दुसरी बाजू

समाजमाध्यमांचे उपकारही नाकारता येत नाहीत. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील एखाद्या विद्यार्थ्याला, मनात येणारा अभद्र विचार हे पाप नसून विकाराचे लक्षण आहे, हे प्रथम तेथेच कळू शकते. ‘असे फक्त मलाच होते’ ही समजूत मोडणे हा उपचाराचा आरंभ होय. पण त्याच ठिकाणी तो रोज नव्याने ‘मी वाईट नाही ना?’ असे विचारू लागला आणि सहृदय माणसे रोज ‘नाही’ म्हणू लागली, की दिलासा हीच अनिवार्य कृती बनते. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या उपचारपद्धतीचे सूत्र नेमके उलट आहे. भीतीला क्रमाक्रमाने सामोरे जायचे आणि ती शमविणारी कृती करायची नाही. ही पद्धती व आवश्यक तेथे औषधे यांनी अनेक रुग्णांना आराम पडतो.

निष्कर्ष

समाजमाध्यमांनी ‘ओसीडी’ हा शब्द घरोघर पोहोचविला, परंतु त्यातील शंका आणि यातना मागे ठेवून. केवळ शब्दप्रसाराला जनजागृती मानणे म्हणूनच योग्य ठरणार नाही. महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने याचा व्यावहारिक अर्थ स्पष्ट आहे. ‘अर्ज पोहोचला ना?’ असे वर्गाच्या गटावर दहाव्यांदा विचारणारा विद्यार्थी निष्काळजी नसतो, कदाचित उद्धटही नसतो. त्याची थट्टा अपायकारक आहे आणि दहावे उत्तरही उपकारक नाही. एकदाच स्पष्ट उत्तर द्यावे, नंतर त्याला बाजूला घेऊन त्रासाची विचारपूस करावी आणि समुपदेशक वा मनोविकारतज्ज्ञापर्यंत पोहोचण्यास मदत करावी. २०२२ पासून सुरू असलेली ‘टेलि-मानस’ ही शासकीय दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर निःशुल्क उपलब्ध आहे. जेथे विद्यार्थ्याच्या मनाला समाप्ती सापडत नाही, तेथे ती सौम्यपणे दाखवून देणे हे अध्यापनाचेच एक अंग होय.