एका ‘म्हणून’ची तपासणी

‘पाण्याची विशिष्ट उष्णता जास्त असते, म्हणून मोटारीच्या रेडिएटरमध्ये पाणी वापरतात.’ हे वाक्य विज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचे आहे. ‘शास्त्रीय कारणे द्या’ या प्रश्नाखाली ते लिहिले की गुण मिळतात आणि विषय संपतो. वाक्याचा पहिला भाग निर्विवाद खरा आहे. आक्षेप आहे तो मधल्या ‘म्हणून’ला.

कात्रजचा जुना घाट घेऊन हिशेब करू. माणसे आणि सामान धरून १५०० किलोग्रॅमची गाडी दहा मिनिटांत ३०० मीटर उंची चढली असे समजू. गुरुत्वत्वरण १० धरले, तर हे कार्य ४५ लाख ज्यूल होते. इंजिन इंधनातील ऊर्जेचा ३० टक्के भाग कार्यात बदलते असे मानले, तर १५० लाख ज्यूल ऊर्जेचे इंधन जाळावे लागेल. त्यातील साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे ५० लाख ज्यूल, इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात उतरतो. हे पाणी सहा लिटर असेल, तर त्याचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे २५ हजार ज्यूल लागतात. भागाकार येतो २०० अंश! पाण्याने ही उष्णता नुसती पोटात साठवली असती, तर घाटाचा तिसरा हिस्सा चढतो न चढतो तोच ते उकळू लागले असते.

तेव्हा पाणी हे उष्णतेचे कोठार नव्हे, हमाल आहे. विशिष्ट उष्णता जास्त असल्यामुळे तो एका खेपेत जास्त ओझे उचलतो, हे खरे. पण ओझे उतरवून घेणारे कोणी नसेल, तर दुसरी खेप होणारच नाही. ते काम रेडिएटरच्या बारीक नळ्या, त्यांना चिकटलेले पातळ पत्रे, पंखा आणि समोरून येणारी हवा करतात. पुस्तकी वाक्यात नेमकी हवाच नाही. आणि गाडी तापली की बिघाड बहुधा याच साखळीत सापडतो. पत्र्यांत माती बसलेली असते, पंखा बंद असतो, पंप थकलेला असतो किंवा कूलंट गळालेले असते.

‘रेडिएटर’ हे नावही दिशाभूल करते. नावावरून विद्यार्थी प्रारण असे उत्तर देतो. रेडिएटरच्या दोन्ही बाजू मिळून ०.६ चौरस मीटर पृष्ठभाग, त्याचे तापमान ९० अंश आणि बाहेरचे ३० अंश सेल्सिअस धरले, तर प्रारणाने सुमारे ३०० वॅट जातात. वरच्या उदाहरणात बाहेर टाकायचे होते ८००० वॅटच्या वर. बाकी सारी उष्णता वहनाने पत्र्यांत येते आणि वाहती हवा ती घेऊन जाते.

हायब्रिड गाड्यांनी हे वाक्य आणखी अडचणीत आणले आहे. टोयोटाची प्रियस १९९७ मध्ये जपानात आली. २०२२ मध्ये होंडा सिटी, मारुती ग्रँड विटारा आणि टोयोटा इनोव्हा हायक्रॉस यांच्या हायब्रिड आवृत्त्या भारतात आल्या. अशा गाडीत पेट्रोल इंजिनाबरोबर विद्युत मोटर आणि विजेचे रूप बदलणारा इन्व्हर्टर असतो. इंजिनाला ९० अंशांच्या आसपास राहणे मानवते, पण इन्व्हर्टरमधील अर्धवाहकांचे शीतक त्याहून बरेच थंड ठेवावे लागते. म्हणून अनेक हायब्रिड गाड्यांत थंड करण्याची दोन स्वतंत्र मंडले असतात.

या गाड्यांत नुसते पाणी घालू नका, असे उत्पादक बजावतात. पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल यांच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणाची विशिष्ट उष्णता पाण्यापेक्षा कमी असते. तरीही तेच वापरतात, कारण ते उशिरा उकळते, थंडीत गोठत नाही आणि त्यातील संरक्षक द्रव्ये ॲल्युमिनियमला गंजू देत नाहीत. नळाच्या पाण्यातील क्षार नळ्यांत बसतात आणि वाट अरुंद करतात. ‘म्हणून पाणी’ हे वाक्य पाठ केलेला मुलगा उद्या कात्रजच्या एखाद्या गॅरेजमध्ये कामाला लागला, तर तो निःशंकपणे नळाचे पाणी ओतेल. शिवाय ग्लायकॉल विषारी आहे, चवीला गोड आहे. काढलेले कूलंट उघड्यावर ठेवणे किंवा गटारात सोडणे मुलांच्या आणि जनावरांच्या जिवावर बेतू शकते.

झाकणाचेही तसेच. रेडिएटरचे झाकण आतला दाब वाढवून उत्कलनबिंदू वर नेते. पुण्याच्या उंचीवर उघडे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. आत ११५ अंशांचे सहा लिटर पाणी असताना झाकण उघडले, तर सुमारे तीन टक्के पाण्याची क्षणात वाफ होते. ही वाफ भरते तीनशे लिटरांहून अधिक, आणि ती उकळते पाणी घेऊन तोंडावर येते. दाब आणि उत्कलनबिंदू यांचा धडा आपण शिकवतो, पण तो या झाकणापर्यंत नेत नाही.

रेडिएटर बदलतानाही जुनी सवय पुरत नाही. नवा रेडिएटर बसवल्यावर इंजिन चालू ठेवून आत अडकलेली हवा काढत. हायब्रिडचे इंजिन मध्येच आपोआप थांबते आणि हात आत असताना आपोआप सुरूही होते. म्हणून गाडी पूर्ण बंद करून, किल्ली लांब ठेवून, थंड झाल्यावरच काम सुरू करायचे. नारिंगी रंगाच्या उच्च दाबाच्या तारांना प्रशिक्षण नसलेल्याने हात लावायचा नाही. हवा काढण्याची रीत त्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यायची.

मजा अशी की पुस्तकातला ‘म्हणून’ पूर्ण लागू पडावा असे उदाहरणही हायब्रिड गाडीनेच दिले. अमेरिकेत विकल्या गेलेल्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये गरम कूलंट थर्मासमध्ये साठवत आणि पुढच्या वेळी थंड इंजिन त्याने तापवत. तेथे द्रव खरोखरच कोठार होता.

हे वाक्य पुस्तकातून काढून टाका, असे म्हणणे नाही. प्रश्न बदलावा, एवढीच सूचना आहे. ‘पाणी का वापरतात?’ याऐवजी ‘इंजिनातील उष्णता बाहेरच्या हवेपर्यंत कोणकोणत्या टप्प्यांनी पोहोचते, आणि एकेक टप्पा बंद पडला तर काय होईल?’ असे विचारून पाहा. उत्तर एका ओळीत मावणार नाही, गुण द्यायलाही वेळ लागेल. पण या उत्तराचा विद्यार्थ्याला गाडीचे बॉनेट उघडल्यावर उपयोग होईल.