सौंदर्य आणि ताळेबंद

साहित्यविषयक पत्रिकेत पदार्थविज्ञानाच्या ग्रंथाची चर्चा कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडेल. साबिने हॉसेनफेल्डर या जर्मन विदुषींचा ‘लॉस्ट इन मॅथ’ (२०१८) हा ग्रंथ ज्या प्रश्नाभोवती फिरतो तो आपल्याच परिचयाचा आहे, म्हणून हे धाडस. जे सुंदर तेच सत्य असते काय, हा तो प्रश्न.

मूलकणांच्या सैद्धांतिक संशोधनात गेली काही दशके गणिती सौंदर्याला वाटाड्या मानले गेले आणि त्या वाटाड्याने शास्त्रज्ञांना रानोमाळ हिंडवले, असा लेखिकेचा आरोप आहे. निरनिराळ्या शास्त्रज्ञांच्या भेटी घेऊन, त्यांना प्रतिप्रश्न करीत त्या तो मांडतात. नोबेलविजेते स्टीव्हन वाइनबर्ग यांनी या सौंदर्यदृष्टीचे समर्थन अश्वपारख्याच्या दृष्टांताने केले आहे. जाणता पारखी घोड्याला ‘सुंदर’ म्हणतो, तेव्हा शर्यत जिंकणारे घोडे कसे असतात याचा अनुभव त्यामागे असतो. दृष्टांत मार्मिक आहे. परंतु ज्या शर्यतीत अलीकडे घोडा जिंकलेलाच नाही, तेथे पारख कशाच्या आधारे करावयाची?

ग्रंथाचा गाभा ‘स्वाभाविकता’ या कल्पनेच्या चिकित्सेत आहे. जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेत २०१२ साली हिग्ज कण सापडला. रूढ सिद्धांत अतिउच्च ऊर्जेपर्यंत लागू धरला, तर या कणाचे अल्प वस्तुमान येण्यासाठी गणितातील दोन प्रचंड राशी सुमारे तीस अंकांपर्यंत परस्परांना छेदून जाव्या लागतात. शास्त्रज्ञांना हे अस्वाभाविक वाटले. म्हणून प्रत्येक ज्ञात कणाला एक जोडीदार कण असावा, असे सांगणारा ‘महासममिती’चा सिद्धांत त्यांना प्रिय झाला. पण ते जोडीदार सर्नच्या महायंत्रात अद्याप दिसलेले नाहीत.

प्रस्तुत लेखकाची उमेद राज्य शासनाच्या कोषागारात गेली. जमा व खर्च कोटींचे आणि शिल्लक नेमकी चार आणे, असे खाते समोर आले की आम्हीही संशयाने पाहत असू. त्यामुळे शास्त्रज्ञांची ही शंका मला केवळ सौंदर्यासक्ती वाटली नाही. ती हिशेबनिसाची शंका वाटली. लेखिकेचे उत्तर मात्र निरुत्तर करणारे आहे. काय संभाव्य आणि काय असंभाव्य, हे ठरविण्यास अनेक नमुने पाहिलेले असावे लागतात. आम्ही हजारो खाती तपासली होती. विश्वाचे खाते मात्र एकच आहे. त्याची शिल्लक चमत्कारिक आहे, हे कोणत्या वहिवाटीवरून म्हणायचे?

येथवर लेखिकेशी सहमत होता येते. पुढे मतभेद आहे. साधेपणा, स्वाभाविकता आणि डौल असे सौंदर्याचे भेद त्या आरंभी करतात, पण निष्कर्षाच्या वेळी ते पुन्हा एकाच शब्दात मिसळतात. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे वेगळी मांडली, ती भेद पाळल्यावाचून सौंदर्यचर्चा पुढे जात नाही म्हणूनच. डिरॅकचे १९२८ चे समीकरण सुंदर खरेच; पण पुंजयांत्रिकी आणि सापेक्षता यांचा मेळ घालण्याची निकड त्यामागे होती, आणि १९३२ साली पॉझिट्रॉन सापडल्याने ते खरे ठरले. केप्लरने १५९६ साली ग्रहांच्या कक्षा पाच सुबक घनाकृतींत बसविल्या होत्या. पुढे मंगळाच्या कक्षेचे गणित मांडताना टायको ब्राहेच्या निरीक्षणांशी अवघ्या आठ कलांचा फरक आला. तो त्याने दडपला नाही. शेवटी परिपूर्ण मानलेले वर्तुळ सोडले आणि १६०९ साली लंबवर्तुळ स्वीकारले. सौंदर्याचा मोह दोन्ही ठिकाणी होता. पडताळ्यापुढे मान तुकविली गेली, हे महत्त्वाचे.

तशी वृत्ती आजही लोपलेली नाही. म्यूऑन या कणाच्या चुंबकीय गुणधर्माचे मापन आणि सिद्धांत यांतील तफावत २०२१ साली अमेरिकेतील फर्मिलॅबच्या प्रयोगाने अधिक ठळक केली, तेव्हा नव्या कणाच्या आशा पल्लवित झाल्या. त्याच दिवशी प्रसिद्ध झालेल्या एका संगणकीय गणिताने मात्र तफावत बरीच कमी असल्याचे दाखविले. २०२५ साली सैद्धांतिकांनी अशाच गणितांच्या आधारे आपला अंदाज सुधारला, प्रयोगाचे अंतिम मापन आले आणि दोन्हींत लक्षणीय अंतर उरले नाही. जुन्या पद्धतीच्या आकड्यांतील आपसांतली विसंगती तेव्हाही सुटली नव्हती, आणि तसे त्यांनी लिहूनही ठेवले. नवा कण हाती न लागता हिशेब दुरुस्त करणे हे निराशेचे काम आहे. पण ते झाले. ग्रंथ त्यापूर्वीचा असल्याने हा प्रसंग त्यात नाही. तथापि या शिस्तीला त्यात आणखी जागा मिळावयास हवी होती.

लेखिकेची शैली मिश्किल, क्वचित बोचरी आहे. गणिताची सूत्रे जवळजवळ नाहीत. तरी काही प्रकरणे दोनदा वाचावी लागतात. आपल्या घरांत विज्ञान शिकणारी नातवंडे आहेत. त्यांच्यासमवेत हा ग्रंथ वाचावा. जेथे आपण अडतो तेथे ती सांगतील, आणि ‘सुंदर’ या शब्दापाशी त्यांना थांबवण्याचे काम आपण करावे.