एका स्नेह्याच्या खेळाविषयीं

आमचे एक स्नेही एकटेच बसून संगणकावरील खेळ रचीत असतात. त्यांनीं आपला नवा चिमुकला खेळ अभिप्रायार्थ आमच्याकडे पाठविला. खेळ पंधरा मिनिटांचा. परंतु त्याविषयीं चार शब्द लिहावयास आम्हांस आठ दिवस लागले. आम्हीही त्याच व्यवसायांतले. समव्यवसायी टीकाकाराचें मोठें वैगुण्य हें कीं, तो दुसऱ्याच्या कृतींत आपलीच कृति शोधूं लागतो. लुडम डेअर या २००२ सालीं सुरू झालेल्या स्पर्धेंत स्पर्धकच एकमेकांच्या खेळांना गुण देऊं लागले. तेथें ‘छान आहे’ एवढ्यावर सुटका करून घेणें सोपें. स्नेह्याशीं तसें करणें बरें नव्हे.

खेळाचा नायक एक दिवेवाला. भर पावसांत कौलांवरून उड्या मारीत तो दिवे लावीत जातो. प्रत्येक दिवा लागतांच पावसाचा आवाज किंचित् मंदावतो. ही गोष्ट कोणी सांगत नाहीं, कानालाच कळते. एवढ्या एका कल्पनेसाठीं आम्ही या खेळास पुष्कळ माफ करूं.

परंतु तिसऱ्या छपरावरून आम्ही अकरा वेळां पडलों. ‘अंतर कमी करावें,’ असें प्रथम लिहिलें आणि मग खोडलें. दोष अंतराचा नव्हता. पाय अजून कौलावर आहे असें डोळा सांगत होता, आणि यंत्राच्या हिशेबीं तो केव्हांच सुटला होता! मॅडी थॉर्सन व नोएल बेरी यांनीं आधीं चार दिवसांत लहान स्वरूपांत रचलेला ‘सेलेस्ट’ २०१८ सालीं मोठा होऊन आला. त्यांत पाय कड्यावरून सुटल्यावरही सुमारें एक दशांश सेकंदपर्यंत उडी मान्य होते. खेळणाऱ्यास ही सवलत दिसत नाहीं. आपणच चपळ आहों, असें त्यास वाटतें. आमच्या स्नेह्यांनीं हाच मार्ग धरावा असा आग्रह नाहीं. आम्ही कोठें पडलों, आणि पडतांना चूक आपली न वाटतां खेळाची कां वाटली, हें सांगणें आमचें काम. उपाय त्यांचा त्यांनीं शोधावा.

अखेरच्या पाटीविषयीं मात्र उपाय सांगण्याचा मोह आवरत नाहीं. तिच्यावर ‘अंधारांत एकमेकांस प्रकाश द्या’ असा उपदेश लिहिला आहे. ती पाटी काढावी. दिव्यांनीं तें आधींच सांगितलें आहे, आणि अधिक चांगलें सांगितलें आहे.

तिसरें छप्पर जमलें नसेल तर खेळच टाकून देतों, असें स्नेह्यांनीं सोबतच्या पत्रांत लिहिलें होतें. आमच्या आठ दिवसांच्या विलंबाचा त्यांनीं काय अर्थ लावला असेल, याची आतां चिंता वाटते. म्हणून येथें स्पष्ट लिहितों: बाराव्या वेळीं आम्ही पलीकडे पोंचलों, दिवा लागला, पाऊस थांबला, आणि रात्रीं फार उशीर झाला असतांही आम्ही तो खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.