वर्तुळ दिसले, पण कशामुळे?

लोणारसारख्या खाऱ्या, अल्कधर्मी सरोवराकाठच्या मातीतून किंवा गरम पाण्याच्या झऱ्याजवळून मिळवलेल्या जिवाणूंत ‘नवे प्रतिजैविक’ सापडल्याचे वृत्तान्त अधूनमधून वाचायला मिळतात. शोधाची दिशा योग्यच आहे. स्ट्रेप्टोमायसिनही १९४३ साली मातीतल्याच जिवाणूपासून मिळाले. आक्षेप आहे तो पुरावा मांडण्याच्या पद्धतीवर. रोगजंतू पसरलेल्या बशीत अर्काभोवती वाढ नसलेले स्वच्छ वर्तुळ दिसले, एवढ्यावरच अनेक वृत्तान्त थांबतात.

मिठावर पोसणारा जिवाणू वाढवायचा तर पोषणद्रवात भरपूर मीठ घालावे लागते. मग ते वर्तुळ जिवाणूच्या रसायनामुळे पडले की मिठामुळे? साडेसात टक्के मिठात ई. कोलाय सहसा वाढत नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस मात्र वाढतो. म्हणून जिवाणू न घातलेले, पण तितकेच खारट पोषणद्रव त्याच बशीत तपासायला हवे. उष्णतेचेही तसेच. जिवाणू ५५ अंश सेल्सिअसला वाढतो, म्हणून त्याचे रसायनही उष्णतेत टिकते असे होत नाही. ते स्वतंत्रपणे पाहावे लागते.

स्ट्रेप्टोमायसिनवरचा विश्वासही नुसत्या वर्तुळावर उभा नाही. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत ५५ क्षयरोग्यांना विश्रांतीबरोबर हे औषध दिले, तर ५२ जणांना केवळ विश्रांती. त्या तुलनेतून औषधाचा गुण दिसला आणि पुढे जंतू त्याला दाद देईनासे होतात, हेही कळले.

असा वृत्तान्त वर्गात वाचाल तेव्हा विद्यार्थ्यांना एवढेच विचारू द्या : तुलनेला काय ठेवले होते?