गायतोंडे आणि कोरा कॅनव्हास

माझा भाचा कलाशाळेतून बाहेर पडल्यापासून सहा महिने एका कोऱ्या कॅनव्हासपुढे बसून आहे. बहीण काळजीत आहे. त्याला विचारावे, तर एकच उत्तर मिळते, "मामा, गायतोंडेसुद्धा असेच बसत!"

हे उत्तर ऐकून मी चपापलो. कारण वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) म्हणजे मौनात बसलेला कोणी योगी, ही आख्यायिका पसरवण्यात आम्हा लिहिणाऱ्यांचाही हात आहे.

आख्यायिका निराधार नाही. जे. जे. कलाशाळेत शिकलेला, पुढे दिल्लीत एकान्तात राहिलेला हा चित्रकार वर्षाकाठी मोजकीच चित्रे करी. झेन विचाराची त्याला ओढ होती. आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हणण्यापेक्षा 'वस्तुनिरपेक्ष' म्हणणे त्याला पसंत होते. पण त्याचे कॅनव्हास नीट पाहा. रोलरने रंग चढवलेला, सुरीने तो खरवडलेला, त्यावर पुन्हा पातळ थर दिलेला. त्या चित्रांतला उजेड नुसत्या चिंतनाने आलेला नाही; तो थराखालच्या थरातून वर आलेला आहे. दोन थरांमधले थांबणे आणि पहिल्या थराआधीचे थांबणे, यांत मला फार मोठे अंतर दिसते.

खरा खंड पडला तो १९८४ च्या अपघातानंतर. मोठे कॅनव्हास काही वर्षे बंदच झाले. अशा वेळी या माणसाने काय करावे? लहान कागद घेतले आणि काळी शाई घेतली. १९८५ ते १९८७ या काळातल्या त्या कागदांवर अक्षरांसारख्या खुणा आहेत. पण त्या कोणत्याच लिपीत वाचता येत नाहीत. पुढे तो पुन्हा कॅनव्हासकडे वळला.

हे कागद तैलचित्रांपुढे किरकोळ, असे म्हणणारे रसिक आहेत. त्यांत तैलरंगाची खोली नाही, हे मलाही मान्य आहे. तरी गायतोंड्यांना समजून घ्यायचे, तर मी आधी या कागदांकडेच बोट दाखवीन. गवयाचा आवाज बसला म्हणजे तो मैफल सोडतो, पण तंबोरा खाली ठेवीत नाही. तशी ही कामे आहेत. हाताला झेपेल एवढेच मागायचे, पण मागणे थांबवायचे नाही, ही या चित्रकाराची खरी शिस्त. आम्ही मात्र त्याच्या मौनाचेच गोडवे गात बसलो, आणि एका कोवळ्या पोराला आळसासाठी, किंवा कदाचित भीतीसाठी, मोठे नाव पुरवले.

भाऊबीजेला बहिणीकडे जाईन, तेव्हा ओवाळणीबरोबर भाच्यासाठी शाईची एक दौत आणि थोडे लहान कागद नेणार आहे. गायतोंड्यांचे नाव मात्र काढणार नाही.