दुखणाऱ्या हातांचं गाणं

महिला मंडळात बहिणाबाई चौधरींचं नाव निघालं की एक वाक्य ठरलेलं असतं. बघा, जात्यावर बसूनही त्या किती सुखी होत्या! पुढचं वाक्य कुणी बोलत नाही, तरी ते सगळ्यांना ऐकू येतं: मग घरात मिक्सर असताना तुमची कुरकुर कसली?

हे वाचन मला साफ चुकीचं वाटतं. ‘घरोट’ म्हणजे जातं. त्या गाण्यात बहिणाबाई स्वतःच सांगतात की हात दुखतात. संसारावरच्या गाण्यात भाकरीच्या आधी चटका येतो. तिसाव्या वर्षी वैधव्य आलं, कपाळाचं कुंकू पुसलं गेलं. त्यावरही त्यांचं गाणं आहे. कष्ट गोड मानून घ्या, असा उपदेश यात कुठं आहे हो?

तरी त्या गाण्यांत आनंद आहे, आणि इतक्या वर्षांत तो शिळा झालेला नाही. माझ्या मते तो येतो बघण्यातून. जात्यातून पीठ पडावं तसं आपलं गाणं पोटातून ओठावर येतं, हे त्यांना दळता दळता दिसलं. सुगरणीचा खोपा बघताना पाखराची एवढीशी चोच आणि माणसाची दहा बोटं त्यांनी शेजारी ठेवली. काम रोजचंच, नजर मात्र रोजची नाही.

आपल्या जैन घरांत याला यत्नाचार हा शब्द आहे. धान्य निवडताना बारीक जीव दिसावा म्हणून डोळा लागतो, पाणी गाळताना लक्ष लागतं. पण बहुतेक घरांत आता हे उरकलं जातं. नियम पाळला जातो, बघणं तेवढं राहतं. आणि ज्या बाईला पहाटेपासून रात्रीपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नाही, तिनं बघावं तरी कधी? हे विचारायचं सोडून आपण तिला बहिणाबाईंचा दाखला देतो.

त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. 1951 साली त्या गेल्या, पुस्तक आलं 1952 साली. टाळ्या, सत्कार, काहीच वाट्याला आलं नाही. गाणं होतं ते स्वतःसाठी, दळणासोबत.

मंडळात पुन्हा हे उदाहरण निघालं, तर ‘घरोट’ पूर्ण वाचायला सांगा. हात दुखतात ते कडवं न गाळता.