‘जर्मिनल’ आणि माझ्या वडिलांचा प्रश्न

एमिल झोलाची ‘जर्मिनल’ मी दोनदा वाचली. पहिल्यांदा एम. ए.ला असताना, इंग्रजी भाषांतरातून, परीक्षेपुरती. दुसऱ्यांदा वाचली ती वणीला प्राध्यापक झाल्यावर, रोज थोडी थोडी वडिलांना सांगत. वडील याच भागातल्या एका कोळसा खाणीत लोडर होते. जमिनीखाली टबात कोळसा भरण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांना अक्षरओळख नाही. कॉलेजची पायरी चढलेला आमच्या घरातला मी पहिला. तेव्हा या कादंबरीवर मी निव्वळ साहित्याचा शिक्षक म्हणून लिहू शकत नाही, हे आधीच सांगतो.

कादंबरी १८८५ ची. आदल्या वर्षी उत्तर फ्रान्समधील आंझें येथे खाणकामगारांचा संप चालू असताना झोला तिथे गेला, स्वतः खाणीत उतरला. ते पानोपानी जाणवते. माहू कुटुंब शंभराहून अधिक वर्षे एकाच कंपनीसाठी राबते आहे. म्हातारा बोनमोर खोकला की काळे थुंकतो. खाणीतल्या लाकडी टेकूंची मजुरी वेगळी देतो असे म्हणत कंपनी कोळशाच्या गाडीमागचा दर कमी करते आणि संप पेटतो. हा संघर्ष एखाद्या खलपुरुषाच्या दुष्टपणातून उद्भवत नाही, तो हिशेबाच्या वहीतून उद्भवतो. ग्रेग्वार कुटुंब तर स्वभावाने भले, दानधर्म करणारे. पण पूर्वजाने घेतलेल्या एका शेअरवर ते पिढ्यान् पिढ्या बसून खाते. खरे मालक कधी समोर येतच नाहीत. शोषणाला चेहरा नसतो, व्यवस्था असते, हे झोलाने कादंबरीत उभे करून दाखवले.

याच्या चाळीस वर्षे आधी, १८४५ साली, इंग्लंडमध्ये डिझरेलीने ‘सिबिल’ लिहिली. श्रीमंत आणि गरीब ही एकाच देशातील दोन राष्ट्रे आहेत, असे त्याने म्हटले. ठरावीक दुकानातूनच महाग माल घ्यायला लावून मजुराची मजुरी कशी गिळली जाते, तेही दाखवले. पण शेवट काय? कष्टकऱ्यांची लेक म्हणून आलेली नायिका खानदानी घराण्याची वारस निघते आणि उमराव घराण्यातल्या नायकाशी तिचे लग्न होते. प्रश्न रक्ताने सोडवला! ही युक्ती आपल्या ओळखीची आहे. कर्णाला सूतपुत्र म्हणून हिणवायचे आणि त्याच्या मोठेपणाचे मूळ मात्र क्षत्रिय जन्मात शोधायचे, हा आपल्याकडचा जुना रिवाज.

झोला अशी पळवाट घेत नाही. सैनिक गोळ्या झाडतात, माहू मरतो. त्याची मुलगी कॅथरीन पाणी भरलेल्या खाणीत प्राण सोडते. शेवटी माहूची बायको पोटासाठी खाणीत उतरते. मात्र झोलाचीही मर्यादा आहे. संतापलेला कामगारांचा जमाव त्याला श्वापदासारखा दिसतो. खाणीत उतरून पाहणारा आणि खाणीत जन्म काढणारा यांत हे अंतर राहतेच.

त्याच १८८५ साली मराठीत हरि नारायण आपट्यांची ‘मधली स्थिती’ आली. नावच बोलके आहे. त्याआधी, १८७० च्या दशकात, वणीपासून वर्धा नदीपलीकडे वरोऱ्याला सरकारने कोळशाची खाण सुरू केली होती. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला होता. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत गिरणी कामगारांना संघटित केले होते. म्हणजे कष्टकरी डोळ्यांसमोर होता. तरी त्या शतकातल्या मराठी कादंबरीत खाणमजूर मला भेटला नाही. लिहिणारे खाणीत उतरत नव्हते. उतरणाऱ्यांच्या हाती लेखणी नव्हती.

कादंबरी सांगून संपली त्या रात्री वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “सारं बराबर हाये. पन मले एक सांग, त्या वस्तीत पान्याचा नळ एकच व्हता काय?”

मी काय उत्तर देणार? ‘दोनशेचाळीस’ नावाच्या त्या वस्तीत सगळी घरे सारखी, सगळ्यांची भूकही सारखी. वडिलांच्या तरुणपणीच्या वस्तीत मात्र संपाला एका झेंड्याखाली बसलेली माणसे संध्याकाळी पाण्यावर वेगवेगळ्या रांगेत उभी राहत. झोलालाही कामगारांतली फूट ठाऊक आहे. संप मोडायला कंपनी बेल्जियमहून मजूर आणते. पण ती फूट मालक बाहेरून आणतो. आमची फूट कामगार घरूनच घेऊन येतो. जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये सांगितले. कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे १९३८ मध्ये मनमाडला बजावले. आणि मजूरमंत्री झाल्यावर डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादला स्वतः कोळसा खाणीत उतरले. अशा दोन्ही डोळ्यांनी पाहणारी खाणीची कादंबरी आम्हांला हवी आहे.

१९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि खासगी मालक गेला. आज उकणी, निलजईला डोंगराएवढे मातीचे ढीग उभे आहेत. मालक सरकार आहे, आणि माती उपसणाऱ्या मजुराचा धनी ठेकेदार. खरा मालक अजूनही दिसत नाही. म्हणून ‘जर्मिनल’ जुनी झालेली नाही. पण तिचे अनुकरण करून आपले भागणार नाही. माझ्या वर्गात खाणकामगारांची मुले-मुली बसतात. झोलाने जे विचारले ते त्यांनी जरूर शिकावे. जे त्याला विचारावेच लागले नाही, तो नळाचा प्रश्न मात्र त्यांनाच लिहावा लागेल.